हौदातली जोड

मंगळवार, ज्येष्ठ वद्य अष्टमी

हौदाच्या काठावरच लिहीत बसलोय. महाराजांच्या मैदानात पैलवानांच्या जोड्या लावायचं माझं काम, म्हणून इथल्या मरळ माशालाही तोलामोलाचा जोडीदार आणला. बारके मासे तो गिळायचा. सारख्या अंगाचा गिळणार नाही, एवढंच पाहिलं. गिळला नाहीच. पण मरळीला श्वास हवेत घ्यावा लागतो; नवा मासा त्यासाठी वर आला, की जुना खालून धडकतो. नव्याची शेपटी पार फाटलीय. नदीत सोडावा, तर त्याला आता धड पोहवत नाही. एवढासा हौद दोघांना पुरणार कसा, हे आधी का सुचलं नाही?

बायको म्हणाली, "मैदानात पडल्याला गडी घरला तरी जातोय. ह्यो कुठं जाईल?"

पुन्हा श्वासाला वर येतोय तो.