मनकवड्याची पाच पाकिटं

२४ जुलै १९८३, रविवार. निलंगा.
ही वही कुणालाही दाखवायची नाही.

लातूर जिल्हा होऊन सोळा ऑगस्टला वर्ष होतंय. लातूरला कर्मचाऱ्यांचा कार्यक्रम, कलेक्टर साहेब हजर. आमच्या तहसीलमधून भजन जाणार होतं. मी नायब तहसीलदार किशनराव साहेबांना ठणकावलं, भजन बंद, माणिकप्पाचा, म्हणजे माझा, मनकवड्याचा प्रयोग. ते हो म्हणाले. कलेक्टर कचेरीत बदलीचा माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून आहे. एकदा वरच्यांनी मला पाहिलं की अर्जाची गरजच नाही. लातूरला क्वार्टर, क्वार्टरला नळ. शिवकांताला एवढंच पाहिजे, नळ. बायकोची झेप तेवढीच.

२७ जुलै. सकाळी ११.
पत्त्यांचे खेळ कुणीही करतो. माझा प्रयोग छंदांचा. पाच जणांनी आपल्या छंदाची एकेक वस्तू पाकिटात घालून चिकटवायची. मी पाकीट कपाळाला लावणार, मालकाचा स्वभाव सांगणार, आणि पाकीट बंदच्या बंद ज्याचं त्याच्या हातात. युक्ती सोपी. पाकिटं मीच वाटणार, कोपऱ्यात पेन्सिलीचे ठिपके. किशनराव साहेबांना एक, ऑफिसातल्या शेषेरावांना दोन, असे पाचपर्यंत.

एवढं लिहितोय तोच तीन गावचे लोक येऊन उभे. पाण्याचा टँकर का आला नाही? टँकरची यादी माझ्याकडे आहे, कबूल. पण माणूस विचार करतोय हे दिसत नाही? डोकं उठलं. हाकलून दिलं.

३१ जुलै.
किशनराव साहेब घरी. आठवड्यात दुसऱ्यांदा! प्रयोगाचं गुपित काढायला आले हे मी तेव्हाच ओळखलं. आतल्या खोलीतून बाहेरच आलो नाही. तासभर आई आणि शिवकांताशी दोरा, टाके, असलं काहीतरी बोलत बसले. मुरलेला माणूस.

गेल्यावर शिवकांता म्हणाली, सायबांच्या पाकिटाचं मला इचारा. मी तिला झापलं. तंत्रात बायकांनी नाक खुपसू नये. ती घागर घेऊन टँकरच्या रांगेत गेली. दोन तासांनी आली, तरी तोंड पाडलेलंच.

५ ऑगस्ट.
पाकिटं वाटली. नवी मागितली तर ऑफिसात शिल्लक नाहीत म्हणे. जुनीच घेतली. साहेबांनी दोनदा विचारलं, पाकीट फोडणार नाही ना? शब्द दिला. नायब तहसीलदार झाले तरी भित्रे ते भित्रेच.

१३ ऑगस्ट.
भरलेली पाकिटं आवक-जावकच्या ज्ञानोबाच्या कपाटात कुलूपबंद. तालीम केली नाही. तालीम कच्च्या लोकांना लागते.

१६ ऑगस्ट. परतीच्या एसटीत.
ज्ञानोबाला फासावर द्या.

पाचही पाकिटांवर त्यानं कोऱ्या चिठ्ठ्या डकवल्या. जुन्या पाकिटावर चिठ्ठी डकवून ते परत वापरायचं, सरकारी काटकसर. वर जावक क्रमांक! ठिपके सगळे चिठ्ठीखाली. पडद्यामागे जाब विचारला तर म्हणतो, पाकीट तालुक्याबाहेर चाललं, तसंच कसं सोडू? वीस वर्षांत या माणसानं एक काम वेळेवर केलं नाही. हे मात्र केलं.

तरी मी डगमगलो नाही. पाकीट फोडलं, वस्तूवरूनच मालक ओळखायचा. मासे धरायचा गळ. शेषेरावांना दिला. माझा न्हाई म्हणाले. नीट आठवा म्हणालो. हॉल हसला. दुसऱ्यात कॅरमचा स्ट्रायकर. तोही चुकला, म्हणजे ज्याला दिला तो माणूस खोटं बोलला.

तिसऱ्यात क्रोशाची सुई, तिला लोंबणारा अर्धा विणलेला रुमाल. बाईचं काम हे शेंबड्या पोरालाही कळेल. वर धरून सगळ्यांना दाखवला. म्हणालो, मालकीण हळवी आहे, इथंच बसली आहे, उभी राहा. कुणी उठेना. कलेक्टर साहेब घड्याळ बघायला लागले. माझा पारा चढला. चारदा पुकारलं. शेवटी म्हणालो, एवढी लाज वाटते तर विणता कशाला?

पहिल्या रांगेतून किशनराव साहेब उठले.

"माझी हाय," म्हणाले. "मंडळी वारली तवा रुमाल अर्धा राहिला. शिकून पुरा करायलोय."

मागचे काही जण हसले. साहेब स्टेजवर आले, सुई आणि रुमाल माझ्या हातातून घेतला आणि बाहेर निघून गेले. उरलेली दोन पाकिटं मी फोडली नाहीत.

१७ ऑगस्ट.
चूक ज्ञानोबाची. शिवाय हॉलमध्ये उकाडा. शिवाय साहेबांनी पहिल्याच हाकेला हात वर केला असता तर? शिवकांताला विचारलं, तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगत होते की.

साहेबांच्या खोलीपर्यंत दोनदा गेलो. दोनदा परत आलो.

२० ऑगस्ट, शनिवार.
ज्ञानोबानं जावक वही दाखवली. माझ्या बदलीची शिफारस, साहेबांची सही, तारीख तेरा ऑगस्ट. कार्यक्रमाच्या आधीच दिली होती. कागद लातूरला जायचा राहिला होता, कारण ज्ञानोबा. काल साहेबांनी तो परत मागून घेतला. मला टँकरची नवी यादी तेवढी पाठवून दिली.

राग आणायचा प्रयत्न केला. येईना.

सही झाल्याचं साहेबांनी शिवकांताला तेव्हाच सांगितलं होतं. पुढचं तिला माहीत नाही. आज ती बाजारातून नवी बादली घेऊन आली. लातूरच्या नळाखाली ठेवायला, म्हणाली. कशी आहे, विचारलं. मी चांगली आहे म्हणालो.