उभ्या माणसाचं माप

आण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, पण तुमच्या कामाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुम्ही गचाळ कारागीर होता. हे तोंडावर बोलायची तेव्हा माझी हिंमत नव्हती, कारण कॉलेज अर्धवट सोडून तुमच्याकडे कामाला लागलो होतो आणि दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. सात रस्त्याजवळचं ते तुमचं सायकलचं दुकान, दारात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आत रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेले छर्रे, आणि दर अर्ध्या तासानं तुमच्या तोंडून निघणारं तेच वाक्य, चालतंय की. नऊ छर्रे बसायला हवेत आणि आठच सापडले, चालतंय की. वाकड्या रिमचा आउट पुरता निघाला नाही, चाक ब्रेकला घासतंय, चालतंय की. पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा तुम्ही दाराच्या कडीत अडकवून सरळ करायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि परत बसवायचा. मी एकदा स्वतःच्या खर्चानं पोलादी पट्टी आणि कोनमापक आणला. चिमटा पाव इंच डावीकडे आहे हे मोजून दाखवलं. तुम्ही पट्टी हातात घेतली, तिनं पाठ खाजवली आणि म्हणालात, "ए इंजिनेर, ज्याची सायकल हाय त्योच डावीकडं हाय. त्याला बी सरळ करतूस का?" पंक्चर काढून घ्यायला बसलेली दोन माणसं हसली. ते हसू मी विसरलेलो नाही.

आणि ते पान. तुमची सगळ्यात हलकी सवय तीच. कुणी सीट खालीवर करून घ्यायला आला, हँडल बदलायला आला, की तुम्ही आधी म्हणायचा, "बसू नगा. त्या कोपऱ्यावरनं एक पान आना की माझ्यासाठी. सादं, चुना कमी." शाळामास्तर असो, बँकेतला माणूस असो, बिचारा जायचा. तुम्ही स्टुलावर हनुवटीला हात लावून रस्त्याकडे बघत बसायचा. तो आला की पान गालात, आणि मग न विचारता, न मोजता, अंदाजपंचे सीट खालीवर. मला लाज वाटायची. एकदा सांगितलंही, "आण्णा, पान मी आणतो, गिऱ्हाइकाला कशाला पाठवता?" तुम्ही म्हणालात, "तू टायर चढीव." शिकवणं तुम्हाला माहीतच नव्हतं. जे मला येतं ते मी एकट्यानं, चुकत, हात भाजून घेत शिकलो. त्यात तुमचा वाटा शून्य आहे, असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

आता माझी शेड अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, टॉवेलच्या दोन कारखान्यांच्या मधे. मी डोंगरात चालवायच्या सायकली बनवतो. एकेका माणसाच्या मापाच्या, आधी कागदावर, मग लोखंडात. तुम्ही म्हणायचा, डोंगरात शेळ्या जात्यात, सायकली न्हाय. जातात, आण्णा. भंगारात निघालेल्या यंत्रमागाची बिडाची चौकट मी घासून सपाट केली आहे, तिच्यावर फ्रेम बांधतो. पाइपाचं तोंड अर्धगोल कानशीनं असं घासतो की दुसऱ्या पाइपाला टेकवल्यावर मधून उजेड दिसू नये. दिसला तर पाइप टाकून देतो. सांध्यावरचा पितळेचा डाग कुठं संपला आणि पाइप कुठं सुरू झाला, हे रंगाआधी बोट फिरवून कळता कामा नये. शोरूममधून कागदासारख्या हलक्या सायकली घेऊन येणारे डॉक्टर आणि बिल्डर रविवारी तुळजापूरच्या घाटाजवळ मुरमाच्या वाटेवर भेटतात. उतार लागला की उतरून सायकल हातानं धरून चालतात. त्यांच्या अंगावरचे कपडे तेवढे शर्यतीतले. मी माझ्या सायकलीवर त्यांच्या शेजारून खाली जातो आणि मागे वळून बघत नाही. त्यांना सायकल कळत नाही. तुम्हालाही कळत नव्हती, पण निदान तुम्ही ते कपडे घालत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या कारखान्यातला जॉबर आला. मागाची दुरुस्ती करतो तो. चाळिशीचा, तेलुगू घरातला, दिवसभर मागांच्या रांगांतून उभा. घरापासून कामावर वीस वर्षं साध्या सायकलवर येणारा माणूस, त्याला घाटातून खाली जायचं होतं. "साहेब, एकदा जाऊन बगायचंय मला. आयुष्यभर सपाटीवरच चालीवली," म्हणाला. मला तो आवडला. त्याला अनवाणी भिंतीला टेकवून उभं केलं, मांड्यांमधे पुस्तक धरून उंची घेतली, हात, खांदे, धड, सगळं दोनदोनदा मोजलं. तो शाळेत झेंड्यापुढे उभं राहतात तसा ताठ होता. मापं बरोबर जुळली. मग फ्रेम बांधली, आणि बांधताना सीटखालचा पाइप असा ठेवला की सीट एकाच उंचीवर बसेल. खाली घ्यायला बोटभरही जागा ठेवली नाही. तुम्ही सीट बसवताना दोन बोटं जागा सोडायचा, ती तुमची ढिलाई. माप बरोबर असेल तर जागा कशाला हवी?

तिसऱ्या रविवारनंतर त्याचा डावा गुडघा सुजला. तो मला म्हणाला नाही, दुसऱ्यांकडून कळलं. कारखान्यात तो मागावर टेकून उभा राहतोय, मालकानं दोनदा विचारलं, असंही कळलं. उभं राहता आलं नाही तर जॉबरला ठेवतं कोण? मी सायकल मागवली. सगळे कोन तपासले, अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. तो कारखान्यातल्या दोन जोडीदारांना घेऊन आला होता. म्हणाला, "न्हाय वो साहेब, सायकल झकास हाय. गुडगाच माजा बाद हाय." आणि मी हात पुसत म्हणालो, "बरोबर बोललास. सायकल सरळ आहे, माणूस वाकडा आहे." जोडीदार हसले. तोही हसला, जरा उशिरा. मग म्हणाला, "थांबा, च्या सांगून येतो," आणि समोरच्या टपरीकडे निघाला.

मी शेडच्या दारातून बघतोय. रस्ता ओलांडताना त्याच्या मागे कुणी आहे हे तो विसरला आहे. डावी टाच जमिनीला पुरती लागत नाही, कंबर एका बाजूला खचते आणि पुन्हा वर येते, प्रत्येक पावलाला. हे सुजलेल्या गुडघ्याचं लंगडणं नव्हे, जन्मापासूनचं असावं. डावा पाय आखूड, बोटभर तरी. भिंतीला टेकवून उभा केला तेव्हा पँटच्या घोळाखाली त्यानं डावी टाच उचलून धरली होती. कुणी बघतंय म्हटलं की तो आयुष्यभर तसाच उभा राहिला असेल, शाळेत, लग्नात, मालकापुढे. मी त्याच्या उजव्या पायाची सायकल बांधली होती. डावा पाय दर फेरीला तळाशी पोचण्यासाठी ओढला जात होता. आणि त्याच्या तोंडावर मी काय बोललो होतो, हे मला तो चहा सांगून परत येईपर्यंत कळलं.

तेव्हा तुम्ही आठवलात, स्टुलावर, हनुवटीला हात लावून. उभा माणूस खोटं उभं राहतो, पण कोपऱ्यापर्यंत जाऊन येताना त्याला ते जमत नाही. एवढं साधं वाक्य होतं, आण्णा. तीन वर्षं मी तुमच्या शेजारी बसलो, एवढं वाक्य तुम्हाला बोलता आलं नाही? का तुम्ही खरंच फक्त फुकटचं पान खात होता आणि हे सगळं मीच आता तुमच्या नावावर लावतोय? तुम्हाला ओळखतो त्यावरून, दोन्ही. याचा राग मला जास्त येतो.

फ्रेम कापली. रंग जाळून काढला, सीटखालचा पाइप नवा घातला, आखूड, वर दोन बोटं जागा ठेवून. पायडलचा डावा क्रँक कापून लहान केला, त्यात आत नवं भोक पाडून उलटे आटे पाडले, टोक घासून असं गोल केलं की शेजारी उजवा धरल्याशिवाय फरक दिसू नये. पायडलला ठोकळा लावला असता तर तासाभरात काम झालं असतं, पण तो सगळ्यांना दिसला असता. त्याला बोलावून सांगितलं, पाइपात केसाएवढी चीर सापडली, कंपनीचा माल खराब निघाला, म्हणून बदलून दिली. तो सायकलवर बसला, शेडभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि उतरला. हात सीटवर ठेवून उभा राहिला, आणि त्या वेळी दोन्ही पायांवर ताठ नव्हता, सगळा भार उजव्यावर होता.

गुडघ्याची सूज महिन्याभरात उतरली. आता तो घाटातून खाली येतो तेव्हा मला मागे राहावं लागतं. कारखान्यात सगळ्यांना सांगतो, साहेबांसारखा माणूस न्हाय, कुणाला दिसली नसती अशी चीर शोधून काढली आणि स्वतः बदलून दिली. त्याच्या सांगण्यावरून दोन नवी गिऱ्हाइकं आली. मी ऐकून घेतो. त्याची लाज राखली, असं स्वतःला समजावतो.

हे तुम्हाला पोचणार नाही, तेच बरं आहे. पोचलं असतं तर तुम्ही पट्टीनं पाठ खाजवत वाचलं असतं. त्याला पाइपातल्या चिरेची थाप सांगताना माझी मान खाली नव्हती. पण माणूस वाकडा आहे हे त्याच्या जोडीदारांसमोर बोललो, ते मी अजून मागे घेतलेलं नाही. ते दोघं रोज शेडवरून जातात.