मासा शिवला नाही

४ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचे! पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागेपर्यंत टेम्पोवाल्याने तीनदा विचारलं, की ताई, एवढ्या मोठ्या टाकीत ठेवणार तरी काय. मासे, म्हटलं, आणि वर पालक. त्याने किशोरकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद. माणसं मुंबईत, घरं इथे. आम्हाला भाड्याने मिळालेलं घरही असंच. मालकाने टाइल्स लावल्या, गणपतीला चार दिवस राहिला आणि गेला. मागे सिमेंटचा ओटा, विहिरीचं पाणी, दिवसभर ऊन. किशोरच्या बायपासनंतर डॉक्टर म्हणाले होते, ताजी भाजी, थोडे मासे, शांतता. ठाण्यात यातलं एकही धड मिळत नव्हतं, म्हणून ही सगळी उठाठेव. त्याला मी माझ्या हाताने पिकवून खायला घालणार आणि धडधाकट करणार. बाकी कशाशी मला देणंघेणं नाही.

शेजारचे महिपतीकाका पाइप उचलायला आले. त्यांना सगळं समजावलं. खालच्या टाकीत मासे, त्यांची घाण पाण्यात, ते पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात. खडीतले जिवाणू त्या घाणीचं खत करतात, भाजी ते खाते आणि स्वच्छ पाणी परत माशांकडे. माती नाही, तेच पाणी फिरत राहतं. काकांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "म्हंजी यातनं भायेर काय जातच नाय?" नाही जात, म्हटलं. त्यांना ते रुचलं नसावं. पण पाइप सगळे आणून दिले.

१२ ऑक्टोबर

महाडहून आणलेली तिलापियाची पिल्लं सकाळी पोटं वर करून तरंगत होती. खडीत जिवाणू वाढायला महिनाभर तरी लागतो, तोवर मासे सोडायचे नसतात, हे मलाच माहीत होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं, किशोरवर दोनदा खेकसले.

मन रमावं म्हणून काका आम्हाला वाडीखालच्या कोंडावर घेऊन गेले. ओढ्यातला खोल, काळा डोह. काकांनी भाताची मूठ पाण्यावर धरली तसे मासे वर आले, हातभर लांबीचे, मोठ्या खवल्यांचे, अजिबात न घाबरणारे. त्यांना कोणी धरत नाही. वाडीत माणूस गेला की दहाव्याचा पिंड इथे काठच्या धोंड्यावर ठेवतात. इतरांकडे कावळा शिवतो, यांच्याकडे मासा. मासा शिवला की गेलेला सुटला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली, ती ओळखून पुरी करायची.

किशोरने भक्तिभावाने हात जोडले. मी काठालगतची पिल्लं बघत होते. असं थंड, वाहतं पाणी पिऊन वाढलेली काटक जात! आणि शेवाळलेली खडी तर जिवाणूंची खाणच.

२० ऑक्टोबर

आणले. बादली, मच्छरदाणीचा तुकडा आणि मूठभर भात, एवढ्यावर काम झालं. पिल्लं आपणहून जाळीत आली. खडीही दोन पोती आणवली. टाकीत सोडल्यापासून एकही मेलं नाही.

काका आज ओट्यावर आले, टाकीत डोकावले आणि खालीच बसले. परत सोड म्हणाले. मी म्हटलं, ओढ्यातला मासा काय कुणाच्या बापाचा आहे? माझा नवरा मरणाच्या दारातून परत आलाय, तुमचे रिवाज तुमच्यापाशी. ते चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. एवढंच म्हणाले, "बाय, माझं वय झालंय गो. माझी तरी सोय राहू दे."

मी हसले. गावात त्यांनी कोणाला सांगितलेलं दिसत नाही. उठल्यावर कोंडाकडे मात्र गेले. म्हणे उरलेले मासे तळाला गेलेत, भात टाकला तरी वर येत नाहीत.

३ नोव्हेंबर

पाण्यात अमोनिया शून्य, म्हणजे जिवाणू कामाला लागले! पालक, माठ, चुका नुसते फोफावलेत. किशोर दोन्ही वेळा पोटभर खातो. गालांवर रंग आलाय, काल रस्त्यापर्यंत चालत जाऊन आला, धाप नाही की काही नाही. मी कुंपणाआड जाऊन थोडं रडून घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो मरणार नाही असं मला वाटलं.

मासे विकतचं खाद्य तोंडात घेऊन थुंकतात. भातच लागतो. आणि दोन आठवड्यांत तळहाताएवढे झालेत. एवढे कसे, कळत नाही. असो, वाढतायत ना.

महिपतीकाका आज पहाटे झोपेतच गेले. त्यांच्या बायकोला, ठकूबाईंना भेटून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर

काकांचा दहावा होता. मासा शिवला नाही.

ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळी वाडी काठावर उभी होती म्हणे. म्हैस विकणार नाही, बांध रेटणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. पाणी हललं नाही. भटजींनी दर्भाचा मासा करून शिववू म्हटलं, ठकूबाईंनी ऐकलं नाही. मग कोणीतरी माझ्या टाकीचं नाव काढलं.

त्यांचा मुलगा राजेश भांडुपहून आलाय. फाटकाशी येऊन ओरडला, "मॅडम, सगळं वापस सोडा, नायतर उद्या आमी येऊन टाकी फोडनार." मागे माणसं उभी. दुकानदाराने दूध संपलं म्हणून सांगितलं, पिशव्या समोर दिसत होत्या. भांडी घासणारी शकू मधूनच हात धुऊन निघून गेली. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथे आख्खं गावच फिरलं.

नीट मागितलं असतं तर कदाचित दिलेही असते. धमकी? मला? टाकीतला सगळ्यात मोठा मासा काढला, कोकमाचं आगळ घालून कालवण केलं, आणि त्याचा दरवळ गल्लीत जाईल अशी खिडकी उघडी ठेवली. किशोरने एकट्याने सगळा संपवला, काटेही चोखले.

१४ नोव्हेंबर

राजेश आला नाही. वाडीत नुसती शांतता.

किशोरने जेवताना जवळा मागितला. सुक्या मासळीचा वास आला तर खिडकी लावून घेणारा माणूस! एका बाजूने करपवलेली भाकरी आणि जवळा. म्हटलं, तोंडाला चव आली, चांगलंच आहे. पण जवळा आणायचा कुठून, मला इथे मीठसुद्धा कोणी देत नाही.

१६ नोव्हेंबर

दुपारी म्हणाला, मिश्री भाजून दे. मिश्री, दातांना लावायची भाजकी तंबाखू! आवाज घोगरा, बाईमाणसाचा. मी थट्टा समजले, झापलंही. तो तोंडाला पदर लावल्यासारखा करून हसला.

संध्याकाळी ओट्यावर उकिडवा बसला होता. मी जवळ गेले तर दोन्ही हात वर केले. कडेवर घे, म्हणत होता. बावन्न वर्षांचा माणूस.

हात थंड. बोटं भिजून सुरकुतल्यासारखी. बीपीच्या यंत्रावर आकडाच येत नाही. सेल बदलले, तरी नाही.

१७ नोव्हेंबर

झोपतो तेव्हा डोळे मिटत नाही. खाणं काहीच नाही. घास तोंडात घेतो आणि थुंकतो.

पोलादपूरहून डॉक्टर आणले. त्यांनी छातीला नळी लावली, सरकवली, परत लावली. मनगट धरून बसले. मग मला बाहेर नेऊन विचारलं, घरी अजून कोण आहे तुमच्या. त्यांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, औषध लिहून द्या. ते चप्पल घालतानाही माझ्याकडे पाहत नव्हते. तालुक्याचा डॉक्टर, त्याला काय कळतं—

१९ नोव्हेंबर

ठकूबाई आली. भांडायला नाही. हातात झाकलेलं ताट. भिंतीला भिंत आहे, तिने सगळं ऐकलंय. किशोर तिला बघून म्हणाला, "ठके, येवढा येळ लावलास?" काकांचा आवाज. मी दाराला धरून उभी राहिले.

तिने करपलेली भाकरी, जवळा आणि वर भाताचा पिंड त्याच्यापुढे ठेवला. त्याने खाल्ला. सगळा. थुंकला नाही. मग एक लांब श्वास सोडला आणि काका गेले. हे मला कसं कळलं सांगता येत नाही, पण खोलीतला एक माणूस कमी झाला.

ठकूबाई त्याच्या पाया पडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिवला गो. सुटलं माजं मानूस."

२१ नोव्हेंबर

रांग लागली आहे. माझ्या ओट्यावर, ताटं घेऊन. आबा म्हणतात, आये म्हणतात, एक म्हातारी तर बाळा म्हणत त्याच्या तोंडावरून हात फिरवत बसली. ज्यांचे पिंड काठावर ठेवले पण इच्छा इथेच अडकली, ते सगळे त्या माशांत होते म्हणे. आता त्याच्यात. तो मागतो, ते देतात, तो खातो. एकेक जातो.

दूध दारात येतं. शकू न बोलावता अंगण झाडते. सगळे गोड बोलतात. मला तो बहिष्कार बरा होता. त्याला किशोर म्हणून कोणी हाक मारत नाही. मी मारते, तो बघत नाही.

२२ नोव्हेंबर

सगळे मासे कोंडात सोडून आले. पंप बंद केला. वाफे उपटून टाकले. काही फरक नाही. राजेशला हात जोडले, मी! तो वाईट नाही बोलला. म्हणाला, ताई, जे पोटात गेलं ते कसं वापस घेनार.

ठाण्याला न्यायला गाडी बोलावली. किशोर उंबऱ्याबाहेर पाय टाकेना. चौघांनी धरलं तरी नाही. जड— पाण्याने भरल्यासारखा जड—

२४ नोव्हेंबर

आज दोनच ताटं. मग कोणी नाही.

ठकूबाई दारातूनच बोलली. आमची मानसं समदी गेली. आता आत हाय तो तुजाच. त्याला उपाशी ठेवू नको, जे मागंल ते दे, मोकळा कर.

मी तांब्या फेकून मारला. मोकळा कर म्हणजे काय? तो जिवंत आहे. बसतो, बघतो. जिवंत आहे.

२५ नोव्हेंबर

सकाळी हाक आली. "दीपू." त्याची. त्याचीच, ठाण्याच्या स्वयंपाकघरात मारायचा तशी. मी धावत गेले. मला ओळखलं. केसांवरून हात फिरवला. हात गार.

म्हणाला, भूक लागलीय. तुझ्या हातचा वरणभात दे. वर लिंबू.

बाकी कुणाचं नाही हे. हे त्याचंच मागणं.

कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद केला आणि मग बसकणच मारली. जो मागतो आणि खातो तो जातो. आणि जिवंत माणूसही भूक लागली की मागतोच ना? पोटभर खायला घालायलाच तर आणलं मी याला इथे. घातलं नाही तर उपाशी मरेल. घातलं तर—

दुपार

ताट वाढून ठेवलंय. देत नाही. तो ओरडत नाही, चिडत नाही. नुसता म्हणतो, दीपू, भूक. आठवडाभर त्याने स्वतःसाठी एक घास खाल्लेला नाही. मला बघवत नाही. देवा, मला बघवत नाही.

मनगट धरून पाहिलं. लागतंय की काय— माझेच ठोके असतील बहुतेक—

संध्याकाळ होतेय. भात गार झाला. लिंबू पिळलं. कालवला. नेहमीसारखाच कालवला, पण हातात आपोआप गोळा झाला. गोल. पिंडासारखा— मोडला. परत गोल—

तो समोर येऊन बसलाय. शेवटचं विचारते म्हटलं, किशोर, खरं सांग, तू आहेस ना. हसला. म्हणाला, आधी भरव. मग सांगतो.

एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हातात घास. मी पुढे नेत नाहीये— तो वाकतोय— ओठ लागले— लागले— किशोर, थांब, अजून नको, मला अजून थोडं—