शेवटची बांधी

एकोडी, दिवाळीआधी, १९७८

चंद्रकांता,

तुझं लग्न दुसरीकडे ठरल्याचं कळलं, अन् माझं डोकंच फिरलं. कॉलेज सोडून आलो तेव्हापासून गावाच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना मीच वाटतो. तुझ्या बाबूजींची बांधी पाटाच्या अगदी टोकाला. आज पाणी घ्यायची त्यांची पाळी होती. वरूनच पाट बुजवायचा, असं ठरवून फावडं घेऊन निघालो.

पण त्यांचं धान नुकतंच निसवत होतं. पाण्यावाचून लोंब्या पोचट राहिल्या असत्या. देवानं मला हेच काम दिलंय, त्यात माझा राग कसा मिसळू? पाट मोकळा केला, बांधातली खेकड्यांची भोकं चिखलानं बुजवली अन् त्याच धुऱ्यावर बसून राहिलो.

बाबूजी आले. "काहून बे, अजून इथंच?"

"तो कोपरा कोरडा हाय, काकाजी."

ते माझ्याजवळ टेकले. "पोरगी तं तुले देत नाही, इश्वर. पर पुढच्या सालीबी पानी तूच वाटजो."

मी हो म्हणालो.

हे पत्र टाकणार नाही. तुझ्या लग्नात याच धानाचा भात शिजेल, तेव्हा पोटभर जेव.

गावाचा पाणकर,
इश्वर