भेटवहीतला शेरा

८ सप्टेंबर, रविवार दुपार

लाडक्या धाकटीस,

प्रभूच्या नावात ताईचा सप्रेम सलाम. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आईचा खोकला कसा आहे? आणि तुझी पाठ?

इथली खबर म्हणजे तुझ्या भावोजींची. मिशनसेवेला आलेला माणूस नऊ महिने नळच दुरुस्त करतोय. कुणाच्या घरी प्रार्थनेला गेलो की डोळे मिटायच्या आधी यांची नजर टपकणाऱ्या नळावर. इथली भाषा मी कामापुरती शिकले; यांना भाषा येत नाही, पण पाना येतो. इथल्या चर्चच्या मंडळीत यांना ‘वॉशरवाले काका’ म्हणतात आणि माझ्यापेक्षा जास्त मान देतात. मी जळूनच सांगतेय.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. माझे गुडघे रोज त्या जिन्याला शिव्या देतात, मग मी देवाची माफी मागते.

तू तीन वेळा फोन उचलला नाहीस. आधी वाटलं, कामात असशील. मग मी पाठवलेला फोटो आठवला, एका आजीबाईंचे केस विंचरतानाचा. त्याखाली ‘किती समाधान वाटतं’ असं लिहायचा शहाणपणाही मी केला होता. तुला तो बघून काय वाटेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आता आलंय. कसं, ते सांगते.

त्या आजीबाई ब्याऐंशीच्या आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. लेक कपड्यांच्या कारखान्यात कामाला जाते. दर गुरुवारी आम्ही दोन तास त्यांच्याकडे बसायचो. एकदा पाहिलं तर आजीबाईंची नखं वाढलेली, आत मळ साचलेला. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, माझे हात शिवशिवले. मी कापली, त्यांनी हसतहसत कापू दिली. आणि घरभेटींची नोंद ठेवायच्या मंडळीच्या भेटवहीत मी शेरा मारला, ‘घरच्यांचं दुर्लक्ष’.

पाळकसाहेबांनी वही वाचली आणि लेकीला हळूच विचारलं. हळू विचारलं तरी विचारलंच ना.

पुढच्या गुरुवारी ती कामावर गेली नव्हती. दारातच उभी होती. आवाज चढवला नाही. बाही वर करून हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते आणि एक दातांचा वण.

‘‘मी नेलकटर घेतलं की आई चावते,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला चावत नाही, कारण तुम्ही पाहुण्या आहात. दोन तासांपुरतं हसू तिच्याकडे असतं. बाकीचे तास माझ्या वाट्याला.’’

तुझे भावोजी मागे पाना घेऊन उभे होते. त्यांना तिचा एक शब्द कळला नाही, पण हात दिसला. जिना उतरताना ते म्हणाले, ‘‘धाकटीच्या हातावरही असेच होते. आपण निघालो त्या दिवशी.’’

मी ते पाहिले नव्हते गं. मी फक्त चादर पाहिली.

त्या दिवशी निरोपाला आपली तिकडची सगळी मंडळी आईच्या घरात जमली होती. आमच्यासाठी प्रार्थना व्हायची होती. मी आईचं पांघरूण नीट करायला गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘चादर ओली आहे. आईकडे कुणाचं लक्ष आहे की नाही?’’ तू चादर बदललीस आणि तीस माणसांचा चहा टाकलास. सकाळपासून ती कितवी चादर होती, हे मी आजवर विचारलेलं नाही. तोंडी शेरा मारला आणि परक्यांची सेवा करायला विमानात बसले. माझं चुकलं. मला माफ कर.

इथे वहीत माझ्या शेऱ्याखाली मीच लिहिलं, ‘वरील शेरा खोटा. दुर्लक्ष भेट देणारीचं.’ मग लेकीला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, झोप. तेव्हापासून गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तिथेच असते. ती सुट्टी घेते आणि आतल्या खोलीत झोपते. दुसऱ्याच गुरुवारी, दुपारी कूस बदलताना आजीबाई मला कडकडून चावल्या. ओरडा ऐकून लेक उठून आली, माझा हात पाहिला, आणि आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. आजीबाईही हसल्या, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

आमची मुदत नोव्हेंबरअखेर संपते. पाळकसाहेबांनी आणखी एक वर्ष राहण्याविषयी विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, इतके नळ बाकी असताना हा माणूस काही हलत नाही. तर मला न विचारताच म्हणाले, ‘‘आमची पुढची नेमणूक ठरली आहे. सासूबाईंकडे.’’ आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता बोलल्याचा राग आला नाही.

तेव्हा ऐक. डिसेंबरपासून आई माझ्याकडे. दोन तास नाही, दिवसरात्र. तिच्या चादरी मी बदलीन, मला चावेल तर चावू दे. तू आधी पाठ दाखवून घे, मग पोटभर झोप. आणि गुरुवारी ये, नवी साडी नेसून, हात हलवत, पाहुणी म्हणून. तिचे केस विंचर. ती तुझ्याकडे बघून हसेल. फोटो मी काढीन.

फोन उचलावासा वाटला नाही तरी चालेल. मी करत राहीन.

डाव्या मनगटावर चार दातांचा वण घेऊन येणारी,
तुझी ताई