सिंकखालची चावी

रन्कॉर्न
२८ डिसेंबर १९९६

चि. क्लेम यास विनीताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. वर बदकाचं चित्र आणि आत "थंडी फार" एवढे दोनच शब्द. त्रेसष्ट वर्षांचा झालास तरी पत्र लिहायचं म्हटलं की तुझ्या हाताला कापरं भरतं. मी मात्र ऐसपैस लिहिते. दुखरा गुडघा आणि रिकामा वेळ, दोन्ही माझ्याकडे भरपूर आहेत.

रविवारी, पाच तारखेला मी जेवायला येते आहे. शेजारचा हेक्टर गाडीने तिकडे निघालाय, तो मला आणून सोडेल. बीफ तू भाज. यॉर्कशायर पुडिंगला मात्र हात लावू नकोस, तुझं वहाणेच्या तळासारखं होतं. ते मी आल्यावर करीन.

आणि एक सांगून ठेवते, राग मानू नकोस. तुझ्या बोटीवरच्या संडासाची टाकी रिकामी करून घे. मागच्या खेपेला भर थंडीत सगळ्या खिडक्या उघडून जेवावं लागलं होतं. हेक्टरने घरी जाऊन ते साग्रसंगीत सांगितलं, आणि त्याची बायको अजून मला पाहिलं की हसू दाबते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपण बोटीवर जन्मलेली माणसं. आईने तेवढ्याशा कोठडीत पाच पोरं वाढवली आणि पितळेवर कधी डाग दिसू दिला नाही. तिचं नाव राख म्हणजे झालं.

लोभ आहे, तो असाच असू दे. वास तेवढा नको.

तुझी,
विनीताई


हॅझलफर्ड मरीना
८ जानेवारी १९९७

ती. विनीताईस, क्लेमचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा ऐन वेळी आखडला आणि येणं रद्द झालं, हा निरोप रविवारी सकाळीच ऑफिसात मिळाला. बरंच झालं म्हणायचं. तू आली असतीस तर जेवण बाजूलाच राहिलं असतं.

इथे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून सगळं पाणी गोठलेलं आहे. बदकं बर्फावरून चालत येऊन खिडकीवर चोच मारतात. धक्क्यावरचा नळ सकाळी किटलीतलं उकळतं पाणी ओतल्याशिवाय बोलत नाही. दोरखंड काठ्यांसारखे ताठ झालेत. गादीची भिंतीकडची बाजू रोज ओली होते, मग ती दिवसभर शेगडीपुढे उभी करायची. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे शेजारपाजारच्या धुराड्यांकडे बघायचं. धूर दिसला की माणूस धड आहे. नऊपर्यंत दिसला नाही तर जाऊन छतावर थाप मारायची. आम्हा सगळ्यांचा तो नियमच आहे.

बातमी वाईट आहे. माझ्या शेजारच्या ऑलिव्हबाई टॅपलिन तुला आठवत असतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, लाकडी जुन्या बोटीवर एकट्या राहणाऱ्या, गेल्या खेपेला तुला लोणच्याची बरणी देणाऱ्या. रविवारी त्या चॅपलमधून परत आल्या तर त्यांची बोट धक्क्याला टेकून तळाला बसलेली. पाणी खिडक्यांपर्यंत आलं होतं. मॅनेजर पर्सीचं म्हणणं, सिंकचं पाणी बोटीबाहेर सोडणाऱ्या नळीची, सिंकखालची चावी थंडीत बंद करायची असते ती बाई विसरल्या, नळी गोठून फुटली आणि तिथून पाणी आत आलं. ऑलिव्हबाईही म्हणतात, तसंच झालं असेल. त्यांचा मुलगा कीथ स्विंडनला असतो. तो म्हणतो, आई आता फार विसरते.

त्या सध्या माझ्याच बोटीवर आहेत. मी त्यांना पलंग दिला आणि स्वतः बाकावर झोपतो. सगळे म्हणतात, क्लेमसारखा शेजारी मिळायला नशीब लागतं. पलीकडच्या बोटीवरच्या बेरिलने माझ्यासाठी केक पाठवला. मला तो खाववला नाही.

टाकी रिकामी केली आहे. हेक्टरच्या बायकोला कळव.

लोभ ठेवावा, मी त्याच्या लायक असो वा नसो.

तुझा,
क्लेम


रन्कॉर्न
१२ जानेवारी

चि. क्लेम यास अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ऑलिव्हबाईंचं ऐकून जीव कळवळला. तू त्यांना आसरा दिलास, फार चांगलं केलंस, असं लिहायला बसले होते.

पण एक विचारते. पाणी नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून गोठलेलं. टाकी रिकामी करायचा पंप तुमच्या मरीनात पलीकडच्या धक्क्यावर, मी पाहिलाय, बोट तिथवर न्यावी लागते. मग तू टाकी रिकामी केलीस कशी?

तुला बाबा आठवतात ना? कालवा गोठला की बर्फ फोडत आपली बोट काढायच्या आधी ते खाली उतरायचे आणि वाटेतल्या प्रत्येक लाकडी बोटीच्या कडेला फळ्या टांगायचे. हात फुटून रक्त यायचं, तरी एकही बोट वगळायचे नाहीत. सरकणारा बर्फ लाकूड कापतो. हे मला सहाव्या वर्षी ठाऊक होतं, आणि तुलाही.

उत्तर लवकर लिही. मायेत काही कमी नाही, पण काळजी लागली आहे.

विनीताई


हॅझलफर्ड मरीना
१७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाच दिवस तुझं पत्र खिशात घालून हिंडतोय. ऑलिव्हबाईंनी दोनदा विचारलं, बहिणीकडे सगळं ठीक ना. मी हो म्हणालो.

तू ओळखलंसच. शनिवारी, चार तारखेला मरीनाची व्हॅन सगळ्यांना बाजारात घेऊन गेली. मी सर्दीचं निमित्त करून मागे राहिलो. बर्फ असेपर्यंत कुणी बोट हलवू नये, अशी पाटी ऑफिसबाहेरच्या सूचनांच्या फळ्यावर पर्सीने लावलेली आहे. पण तू दुसऱ्या दिवशी येणार होतीस, आणि पुन्हा खिडक्या उघडून जेवावं लागलं तर काय, हेच डोक्यात घोळत होतं. बर्फ इंचभरच होता. माझी बोट लोखंडाची, तिला काय होणार? इंजिन सुरू केलं आणि निघालो.

ऑलिव्हबाईंच्या बोटीशेजारून जाताना बर्फाचा एक मोठा पत्रा उभा राहिला आणि त्यांच्या फळ्यांवर सरकत गेला. कर्रकन आवाज आला. तो आवाज मी ओळखला, ताई. बाबांच्या वेळचाच आवाज. माझ्या छतावर तीन फळ्या होत्या. थांबून टांगायला दहा मिनिटं लागली असती, पण तेवढ्यात व्हॅन आली असती तर? मी थांबलो नाही. येतानाही त्याच वाटेने आलो. दुपारी हिमवृष्टी झाली आणि माझी फोडलेली वाट झाकून गेली. मला हायसं वाटलं, हेही लिहूनच टाकतो.

त्या रात्री ऑलिव्हबाई त्याच बोटीत झोपल्या. मी धुराड्यावरचा धूर बघितला आणि पडदा ओढला. सकाळी पुन्हा धूर दिसला तेव्हा स्वतःला समजावलं की काही झालेलं नाही. दुपारी बोट बसली. पर्सीने सिंकखालच्या चावीचं नाव काढलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

पण खरं वाईट हे नाहीच. वाईट पुढे आहे. त्या आता रोज झोपायच्या आधी माझ्या सिंकखाली वाकून चावी बघतात. पडतात, पुन्हा उठतात, पुन्हा बघतात. गॅसचं बटण बघतात. काल रात्री पाच वेळा उठल्या. दर वेळी मला विचारतात, क्लेम, बंद आहे ना? मी म्हणतो, बंद आहे, ऑलिव्हबाई, झोपा. मग त्या माझे आभार मानतात. तीस वर्षं पाण्यावर एकटीने काढलेली बाई, आता चहात साखर घातली की नाही हेही मला विचारून घेते.

कीथने स्विंडनच्या वृद्धाश्रमात खोली बघितली आहे. पंचवीस तारखेला, शनिवारी तो न्यायला येणार. बर्फ वितळला की बोट ओढून काढून मोडीत द्यायची. त्यांनी सही केली. म्हणाल्या, माझं डोकंच राहिलं नाही तर बोट ठेवून काय करू.

मी विचार करतो की त्या तिकडे रुळल्या म्हणजे सावकाश पत्राने कळवावं. काय करू ते सांग.

लोभ ठेव असं लिहायला लाज वाटते, म्हणून नुसताच,
क्लेम


रन्कॉर्न
२० जानेवारी

क्लेम,

आशीर्वाद आहेतच, ते काही काढून घेता येत नाहीत. पण आज लिहायला हात होत नाही.

मी तुला त्या वासावरून हिणवलं. हेक्टरच्या बायकोने हसू नये म्हणून मी तुला बर्फात पाठवलं, आणि स्वतः गुडघा धरून घरी बसले. माझा वाटा मी घेते. रात्रंदिवस घेते आहे.

बाकीचा तुझा. बोट बुडवलीस ते चुकून. त्यांचं डोकं तू रोज रात्री तुझ्या तोंडाने बुडवतो आहेस. वृद्धाश्रमात पत्र पाठवणार म्हणे! तिथे जाऊन ती बाई ते पत्र घेऊन काय करील, भिंतीला दाखवील?

शनिवारच्या आत सांग. तोंडाने सांग. मग मला लिही.

तुझी ताई


हॅझलफर्ड मरीना
२७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सांगितलं. गुरुवारी सकाळी.

त्या शेगडीवर टोस्ट भाजत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: टाकी, बर्फ, तो आवाज, छतावरच्या फळ्या. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. टोस्ट करपला. त्यांनी तो काढला नाही.

त्यांनी विचारलं, किती दिवस झाले. मी म्हणालो, बोट बसल्याला अठरा. त्या म्हणाल्या, बोट म्हातारी होती. तिच्यासाठी मी तुला दिवसभर शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळी विसरले असते. पण अठरा रात्री मी त्या चावीपाशी वाकत होते आणि तू म्हणत होतास, बंद आहे, ऑलिव्हबाई, झोपा. एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी मला कागद घ्यायला लावला. जे सांगितलंस ते लिही, म्हणाल्या. मोठ्या अक्षरात लिही, खाली नाव घाल आणि नळापाशी ऑफिसच्या फळ्यावर लाव. जिथे सगळ्यांनी माझं डोकं फिरलं म्हणून ऐकलं, तिथे सगळ्यांनी हेही वाचू दे. मी लावला. पर्सीच्या पाटीच्या शेजारीच. दुपारपर्यंत माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडलं होतं. बेरिल केकची ताटली परत घेऊन गेली. ऑलिव्हबाई सामान उचलून तिच्या बोटीवर राहायला गेल्या.

शनिवारी कीथ गाडी घेऊन आला. ऑलिव्हबाईंनी त्याला आधी फळ्यापुढे उभं केलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. मीही तिथे होतो, त्यांनी बोलावलं होतं. त्याने वाचलं. मग त्या म्हणाल्या, चावी बंद होती, कीथ. मला आठवतं, माझ्या हाताने बंद केली होती. मुलगा रडला. गाडी रिकामी परत गेली.

आता नळावर पाणी भरायला गेलो की माझंच अक्षर समोर असतं. दिवसातून दोनदा. मान खाली घालून डबे भरतो. बोट बाहेर काढली की कापलेल्या फळ्या मीच बदलणार आहे. त्यांनी नको म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही.

तू ते वीस तारखेचं पत्र लिहिलं नसतंस तर आज मी देवमाणूस म्हणून मिरवत असतो.

लोभ जेवढा उरला असेल तेवढा पुरे.

तुझा,
क्लेम


हॅझलफर्ड मरीना
१६ फेब्रुवारी

श्रीमती विनिफ्रेडबाई यांस, ऑलिव्ह टॅपलिनचा स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख एका लोणच्याच्या बरणीपुरती. तरी लिहिते. टाकी रिकामी केलीस कशी, हे तुम्ही विचारलंत, असं क्लेमने सांगितलं. इथे चाळीस बोटी आहेत, सगळे पाण्यावरचे जुने लोक, पण कुणालाही ते विचारायचं सुचलं नाही. मलाही नाही. मी तर त्यांच्याही आधी स्वतःला वेडी ठरवून बसले होते. याची मला तुमच्या भावाहून थोडी कमी लाज वाटते, पण वाटते.

बर्फ वितळला. माझी बोट परवा बाहेर काढली. पाण्याच्या रेषेवर हातभर लांब कापलेलं आहे, आणि सिंकखालची चावी बंद. पर्सीने ती दोनदा फिरवून बघितली. मी त्याला तिसऱ्यांदा फिरवायला लावली.

वितळताना तीन दिवस पाऊस लागला होता. क्लेमचा कागद भिजून शाई पसरली, अक्षर लागेना. मी मनात म्हटलं, संपलं, गेलं वाहून. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेले तर फळ्यावर नवा कागद. तेच शब्द, तेवढीच मोठी अक्षरं, खाली नाव. वर काच बसवलेली. मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मी तो काढून बेरिलच्या बोटीवर आणला. डब्यात ठेवलाय, काचेसकट.

माफ केलं असं समजू नका. त्याच्या बोटीवर मी अजून चहाला जात नाही, आणि जाईन की नाही ते माहीत नाही. पण सकाळी उठून त्याच्या धुराड्याकडे बघते. आज नऊ वाजून गेले तरी धूर नव्हता. मी काठी घेऊन गेले आणि छतावर थाप मारली. कोळसा ओला निघाला होता, बाकी काही नाही. तो दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, धड आहेस ना, आणि परत आले.

आपला लोभ नवा आहे. जपून वाढू द्यावा.

आपली,
ऑलिव्ह टॅपलिन