स्वच्छ कालव्याची पंचाईत

थॉर्नली, शनिवार, १४ मे

ती. वॉल्टरमामा यांस,

हेस्टरचा साष्टांग नमस्कार (आपल्या काठच्या चिखलात साष्टांग म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तो कितीदा तरी मनात नसताना घातला आहे). नाताळानंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा करा. कारणं शोधली तर तीन-चार सापडतात, पण कागदावर उतरवली की त्यातलं एकही खरं वाटत नाही, तेव्हा सरळ आळस म्हणते. तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवते ना? ॲग्नेस अजून आपल्या बापाच्या बटाट्यात मीठ घालू देत नाही का? इकडे आम्ही खुशाल. खुशाल हा शब्दही थोडा पडतो, मामा, कारण परवापासून मला एका जागी बसवत नाहीये. आपली होडी राहिली. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तुम्ही मधली पानं सोडून थेट शेवट वाचाल, ही तुमची सवय मला माहीत आहे.

होडी जाणार होती हेच तुम्हाला कुणी कळवलं नसेल. चूक सगळी गुरुवारवाल्यांची, आणि चूक अशी की ते फार चांगलं काम करतात. तुम्ही कालवा साफ करायचं मंडळ उभं केलंत तेव्हा दर गुरुवारी होडीभर गाळ, बाजाराच्या ढकलगाड्या, गाद्या आणि एकदा अख्खा पियानो निघत असे. आता काय निघणार? डोरीन टॅटरसॉलने बेकरी सोडली, पण पहाटे उठणं काही सुटलं नाही, त्यामुळे आपल्या हद्दीत चॉकलेटचा कागद पाण्यात पडला तरी तो भिजायच्या आत ती उचलते. गिल्बर्ट मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे तसेच आता शेवाळाला शिस्त लावतात. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या वरच्या दरवाजांच्या दगडांतलं शेवाळ ते जुन्या चमच्याने खरवडून काढतात, तेही एका दिशेने. दरवाजांचे लाकडी दांडे दरवर्षी काळे-पांढरे रंगवले जातात, त्यांच्या दातेरी चाकांना वंगण असतं, काठच्या वाटेवर एक काटेरी झुडूपसुद्धा आडवं येत नाही. आणि सिरिल ऑग्डन. त्याची बायको गेल्यापासून तो आठवडाभर फक्त मांजराशी बोलतो (मांजर बहिरं आहे), पण गुरुवारी होडीचं सुकाणू हातात आलं की माणूस बदलतो. बदकांना नावाने हाका मारतो, पुलावरच्या लोकांना टोमणे मारतो, डोरीनच्या चहाला नावं ठेवतो आणि तीन कप पितो. मी स्वतः या मंडळात का आहे, असं मला कधीकधी वाटतं. कालव्यावरचं प्रेम, असं मी लोकांना सांगते. खरं कारण बहुधा ही माणसं आहेत.

तर मार्च महिन्याच्या कामाचा अहवाल आम्ही नेहमीप्रमाणे पाठवला, त्यात सापडलेला कचरा: हातमोजा, डाव्या हाताचा. वरच्या कचेरीला हे वाचून आनंद व्हायला हवा होता. त्यांना तो झालाही. इतका झाला की त्यांनी कळवलं, तुमच्या हद्दीत आता होडीला काम उरलेलं दिसत नाही, तेव्हा ती खालच्या गावाला द्यावी म्हणतो (खालच्या गावात दोन दारूचे गुत्ते अगदी पाण्याला लागून आहेत, त्यांच्याकडे दर आठवड्याला होडी भरते). येत्या गुरुवारी कचेरीतून रुबीना अख्तर बाई येऊन पाहतील, काम दिसलं तर होडी राहील, नाहीतर त्याच दिवशी जाईल.

त्या संध्याकाळी आम्ही आपल्या गावच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत जमलो. डोरीनने वाटाण्याच्या वाटीत शेवटचा वाटाणा शोधत शोधत सुचवलं, "मग टाकूया की थोडं काहीतरी. त्यात काय एवढं? काढणार तर आपणच आहोत." मामा, यावर मी उभी राहून बोलले, आणि चांगलं बोलले असं मला बोलताना वाटत होतं. जो कालवा स्वच्छ ठेवायची शपथ आपण घेतली त्यातच कचरा टाकणं म्हणजे वैद्याने रोगी आजारी पाडण्यासारखं, वगैरे. गिल्बर्ट मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मतदान घेतलं. सर्वांनी एकमताने ठरवलं, असलं काही करायचं नाही. सिरिलनेही हात वर केला. मग तो म्हणाला, "बरोबर आहे पोरीचं. एंजिनाची किल्ली कुणाकडे देऊ तेवढं सांगा. मी गुरुवारी येत नाही मग. माझं काय काम?"

आणि टोपी घालून गेला. बिअर अर्धी तशीच.

पुढचं लिहिताना पेन अडखळतंय. त्या आठवड्याच्या रोजनिशीत रविवारी मी फक्त 'हवा बरी' एवढंच लिहिलं आहे, त्यावरून तुम्ही काय ते ओळखा. पहाटे आमच्या छपरीतली एक जड लोखंडी वस्तू मी एकचाकी गाडीत घातली, वर ताडपत्री झाकली आणि पुलाकडे निघाले. वाटेत मनाशी वाद चालूच होता. हे खोटं आहे हे कबूल, पण सिरिलचा गुरुवार खरा आहे, आणि दोन्ही तराजूत घातले तर... तेवढ्यात धुक्यातून समोरून गिल्बर्ट मास्तर आले, त्यांच्याकडेही एकचाकी गाडी आणि ताडपत्री. फरक इतकाच की त्यांची गाडी रिकामी होती आणि ते पाण्याकडून येत होते. "खत," ते म्हणाले. "माझंही खत," मी म्हटलं. "सकाळी घातलेलं चांगलं लागू पडतं," ते म्हणाले, आणि आम्ही एकमेकांच्या बुटांकडे बघत पुढे झालो. मतदानात हात वर करणारी मी एकटीच फितूर नाही, या विचाराने मला लाज वाटायच्या ऐवजी इतकं हलकं वाटलं की त्याचीच नंतर लाज वाटली.

गुरुवारी रुबीनाबाई आल्या. तिशीतली बाई, कमरेपर्यंत रबरी बूट, बोलायला अगदी इथलीच, तिचे वडील वरच्या गिरणीत होते म्हणे. सिरिल आला नव्हता, पण होडी नेताना तरी सुकाणू त्याच्याच हातात असावं म्हणून डोरीन त्याला घरून ओढून घेऊन आली. लोखंडी आकडा पाण्यात टाकला आणि पहिल्याच खेपेला वर आलं ते इस्त्रीचं टेबल. फुलाफुलांची खोळ, आणि खोळ इस्त्री केलेली. डोरीन म्हणाली, "काय बाई लोक असतात, चांगलं टेबल टाकून देतात." पुढच्या वळणावर आकड्याची गरजच पडली नाही, कारण तिथे शाळेतला मोठा पृथ्वीचा गोल तरंगत होता, आफ्रिका वर करून. गोल पोकळ असतो आणि बुडत नाही, हे भूगोलाच्या मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं असं मला वाटतं. "बेजबाबदार," मास्तर म्हणाले आणि रुमालाने अटलांटिक पुसला. एक छत्र्यांची घडवंची निघाली, एक पाळणा निघाला (तोही मास्तरांचा असावा, त्यांच्या गाडीने दोन खेपा केल्या असणार), आणि मग दरवाजांच्या खाली आकडा अडकला तो चौघांनी ओढला तरी हलेना. हळूहळू वर आलं ते एक हिरवं लाकडी फाटक. बिजागऱ्या शाबूत. वर पितळी अंक, सात.

मामा, सिरिल कितव्या नंबरच्या घरात राहतो ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी डोरीन त्याला आणायला गेली तेव्हा फाटक उघडावं लागलं नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं, पण ती त्याला शिव्या देण्यात गुंतली होती.

रुबीनाबाईंनी तो सात नीट बघितला. "हे सात नंबर कुठलं असेल?"

सिरिल सुकाण्यावरून पुढे बघत म्हणाला, "प्रत्येक गल्लीत एक असतं."

"आणि रंग ओला कसा?"

"पाण्यातून काढलंय बाई. ओलाच असणार."

डोरीनला खोकल्याची उबळ आली. मी पुलाखालच्या काळ्या पाण्याकडे बघत उभी होते. तिथे आकडा तीनदा टाकला आणि तीनदा रिकामा आला.

बाईंनी डोरीनचा आल्याचा केक खाल्ला, एक तुकडा रुमालात बांधून घेतला, आणि मग गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "इतकी वर्षं हे काम करतेय, इतका स्वच्छ कचरा मी कुठे पाहिला नाही. ही हद्द फार धोक्यात आहे. होडी इथेच राहू दे. पण असले लोक पकडायला हवेत, तेव्हा जूनच्या पहिल्या सोमवारी पुलावर कॅमेरा बसेल. तोपर्यंत पाण्यात अजून कुणाचं काही असलंच, तर तुम्ही मंडळी ते शोधून काढालच." हे बोलताना त्या एकेकाकडे बघत होत्या, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग सिरिलला म्हणाल्या, "काका, मला खालच्या दरवाजापर्यंत सोडता का होडीने?" सिरिलने टोपी सारखी केली आणि सबंध वाटभर त्यांना बदकांची ओळख करून दिली. डोरीन काठावर उभी राहून रडत होती आणि म्हणत होती, कांदा चिरलाय. कुठे चिरला, कुणी विचारलं नाही.

आता उरलं एकच. उन्हाळ्यातल्या सत्कारासाठी रुबीनाबाईंनी आपल्या मंडळाचं नाव सुचवलं आहे, आणि ही माणसं सत्काराला का लायक आहेत ते चार ओळींत लिहायचं काम माझ्याकडे दिलं आहे. मी लिहिलं, 'कालव्यासाठी घरातली वस्तूही द्यायला मागेपुढे पाहत नाहीत.' खोडलं. खरं तर यापेक्षा खरं वाक्य मला सुचत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. ॲग्नेसला आशीर्वाद, मुलांना पापे.

तुमची भाची,
हेस्टर

ता. क. सत्काराला तुम्ही यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. सिरिल म्हणतो, म्हाताऱ्याला आणा, त्याला एकट्याला पुलाखालचा खड्डा किती खोल आहे ते माहीत आहे.

पुन्हा ता. क. हा खड्ड्याचा विषय सिरिलने उगाच काढला नाही. त्याला सगळं कळलंय असं दिसतं. मी टाकलेली वस्तू अजून वर आलेली नाही. काल एका सहलीच्या होडीचा तळ तिला घासल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. तुम्ही ॲग्नेसकडे नेलेला तो लांब दांड्याचा आकडा पार्सलने लगेच पाठवाल का? कॅमेरा लागायच्या आत.

आणखी एक. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय आणि तुमची आमच्या छपरीत ठेवलेली व्यायामाची सायकल धाडून द्यावी, असं ॲग्नेसचं पत्र आलं आहे. धाडीन. फक्त ती आधी थोडी सुकू द्या.

रोजनिशीत उद्यासाठी लिहून ठेवलंय: कमरेपर्यंतचे बूट कुणाकडून तरी मागून आणणे.